एकट्यापुरत्या लाह्या, मायक्रोवेव्हमधल्या

सिलिकॉनचं घडीचं पॉपकॉर्नचं भांडं घेतलेल्या अनेकांचा अनुभव सारखाच असतो. पहिल्या खेपेला निम्मे दाणे तळाशी गणंग राहतात. दुसऱ्या खेपेला वेळ वाढवला की वरच्या लाह्या बऱ्या निघतात, पण मधल्या करपतात आणि घरभर जळका वास पसरतो. मग भांडं दुमडून फडताळात जातं आणि दोष भांड्याला किंवा दुकानदाराने दिलेल्या मक्याला दिला जातो. माझ्या मते दोष बहुतेक वेळा हिशेबात असतो. चौघांसाठीच्या कृतीला चाराने भागलं की एकाची कृती मिळते असं आपण धरून चालतो. भाजी-आमटीत ते साधारण खपून जातं, मायक्रोवेव्हमधल्या लाह्यांत ते अजिबात खपत नाही. एका माणसापुरत्या लाह्यांना दोन गोष्टी लागतात: दाण्यांची उष्णता दाण्यांजवळच टिकली पाहिजे आणि त्यांच्यातून निघालेली वाफ लगेच बाहेर गेली पाहिजे. उष्णता राखायची म्हणून भांडं बंद करावं तर वाफ कोंडते, वाफ सोडायची म्हणून उघडं ठेवावं तर उष्णता जाते. या ओढाताणीतून वाट कशी काढायची हे कळलं, की दाणे किती घ्यायचे, झाकण कसं ठेवायचं, कधी थांबायचं हे सगळं त्यातूनच ठरतं.

आधी दाणा फुटतो कसा ते पाहू. नागपंचमीसाठी घरी ज्वारीच्या लाह्या करणाऱ्या बायका ज्वारी गरम पाण्यातून काढून कापडात बांधून ठेवतात आणि मगच तापलेल्या कढईत टाकतात. दाण्याच्या पोटात पाणी असल्याशिवाय लाही फुलत नाही, हे ज्ञान त्या रीतीत आहे. पॉपकॉर्नच्या मक्यात हे पाणी मुळातच असतं, वजनाच्या साधारण १४ टक्के, आणि त्याचं टरफल इतर मक्यापेक्षा घट्ट असतं. दाणा तापला की आतलं पाणी वाफ होऊ पाहतं, टरफल तिला अडवतं, दाब हवेच्या दाबाच्या नऊ-दहा पटींपर्यंत चढतो आणि मऊ झालेलं पीठ टरफल फाडून फेसासारखं बाहेर येतं आणि तिथेच घट्ट होतं. हे घडतं साधारण १८० अंश सेल्सिअसला. फ्रान्समधले संशोधक इमॅन्युएल व्हिरो आणि अलेक्झांद्र पोनोमारेंको यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १७० अंशांवर जेमतेम ३४ टक्के दाणे फुटले, तर १८० अंशांवर ९६ टक्के. दहा अंशांत एवढा फरक पडतो. म्हणजे दाणा 'थोडा कमी तापला तर थोडा कमी फुलेल' असं नसतं. उंबरठा ओलांडला तर फुटतो, नाहीतर गणंग राहतो. आणि उंबरठ्याच्या अलीकडे तो फार वेळ घुटमळत राहिला, तर टरफलाच्या बारीक भेगांतून पाणी हळूहळू निसटतं आणि मग कितीही तापवा, दाब चढत नाही.

आता एका माणसाचा हिशेब करू. दोन मोठे चमचे सपाट भरून दाणे घेतले, तर ते सुमारे २५ ग्रॅम भरतात आणि फुलून साधारण लिटरभर लाह्या होतात. त्या २५ ग्रॅममध्ये पाणी असतं फक्त साडेतीन ग्रॅम. मायक्रोवेव्ह प्रामुख्याने पाण्याला तापवतो, त्यामुळे त्याच्या दृष्टीने हे ओझं नगण्य आहे. हे दाणे १८० अंशांपर्यंत न्यायला आणि त्यांतल्या पाण्याची वाफ करायला ठोकळमानाने १५ किलोज्यूल ऊर्जा पुरते. ८०० वॅटचा मायक्रोवेव्ह एवढी ऊर्जा २० सेकंदांच्या आत बाहेर टाकतो. प्रत्यक्षात मात्र आपल्याला दोन मिनिटांहून जास्त वेळ द्यावा लागतो, म्हणजे १०० किलोज्यूलच्या आसपास. सहा-सात भाग ऊर्जा सोडावी तेव्हा एक भाग दाण्यांच्या वाट्याला येतो. उरलेली आतल्या भिंतींना, फिरत्या काचेच्या थाळीला, भांड्याला आणि हवेला जाते, काही परत फिरून यंत्राच्या मॅग्नेट्रॉनवर येते. दाणे निम्मे केले की त्यांच्या वाट्याचा हिस्सा आणखी घटतो आणि छोटा ढीग हवेला उष्णताही लवकर गमावतो. म्हणून निम्म्या दाण्यांना निम्मा वेळ लागत नाही. कधी कधी पूर्ण मापाइतकाच लागतो, आणि दाणे फारच थोडे असतील तर उंबरठा येतच नाही. पंधरा ग्रॅमच्या खाली, म्हणजे सपाट सव्वा मोठ्या चमच्याहून कमी दाणे घेऊन हा खटाटोप करू नये. गणंग तर वाढतातच, शिवाय जवळजवळ रिकामा मायक्रोवेव्ह चालवणं यंत्रालाही बरं नसतं.

यातूनच भांड्याचा आकार ठरतो, आणि खरेदी करताना रंग किंवा झाकणाची मूठ बघण्याआधी तो बघावा. तळ अरुंद आणि बाजू वर पसरत जाणाऱ्या हव्यात. अरुंद तळाशी दाणे एकमेकांना चिकटून ढिगात बसतात, एकाची उष्णता दुसऱ्याला मिळते, आणि फुटलेल्या लाह्या हलक्या असल्यामुळे वर सरकतात, न फुटलेले जड दाणे आपोआप तळाशी उतरतात. सपाट रुंद तळाच्या भांड्यात तेच दाणे एकेकटे पसरतात आणि एकेकटेच थंड पडतात. कुटुंबाच्या मापाचं अडीच-तीन लिटरचं भांडं एकट्यासाठी वापरलं तर हाच तोटा होतो. एकट्यासाठी लिटर-सव्वा लिटरचं भांडं पुरे. ते थाळीवर नेमकं मधोमध ठेवू नका. मायक्रोवेव्हच्या लहरींची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर असते आणि त्यामुळे आत साधारण सहा-सहा सेंटिमीटरांवर तीव्र आणि मंद जागा येत राहतात. छोट्या भांड्याचा तळही जवळपास तेवढाच. मधोमध ठेवलेलं भांडं जागच्या जागी गोल फिरतं, आणि ती जागा मंद असेल तर शेवटपर्यंत मंदच राहते. थोडं कडेला सरकवलं की फिरताना ते दोन्ही प्रकारच्या जागांतून जातं. कडेला ठेवलेलं भांडं फिरताना भिंतीला अडत नाही ना, आणि त्याच्या सगळ्या घड्या उलगडल्या आहेत ना, एवढं आधी पाहा. यंत्राच्या काळजीपोटी शेजारी पाण्याचा पेला ठेवावा असा सल्ला काही जण देतात. पंचवीस ग्रॅम दाण्यांच्या बाबतीत तो पाळू नये, कारण दाण्यांपेक्षा कितीतरी जास्त पाणी त्या पेल्यात असतं आणि ऊर्जा तोच खाऊन टाकतो.

वाफेचा हिशेबही असाच डोळे उघडणारा आहे. साडेतीन ग्रॅम पाण्याची सगळी वाफ झाली तर ती पाच-सहा लिटर जागा व्यापते, आणि भांडं आहे लिटरभराचं. यातली बरीचशी वाफ अवघ्या अर्ध्या-पाऊण मिनिटात बाहेर पडते. ती कोंडली तर लाहीच्या कोरड्या फेसात पुन्हा मुरते आणि लाही वातड होते, तोंडात दातांना चिकटते. पॉपकॉर्न 'सादळलेले' लागले की आपण मका जुना म्हणतो, पण ताज्या मक्याच्या लाह्याही अशा कोंडमाऱ्यात भांड्यातल्या भांड्यात सादळतात. तेव्हा झाकण दाबून बसवू नका, नुसतं टेकवा. भोकं असलेलं झाकण असेल तर ती भोकं तेलाच्या थराने बुजलेली नाहीत याची खात्री करा. झाकण अजिबात न ठेवणं हेही चालत नाही, कारण मग दाणे उडतात आणि तळाची ऊबही निघून जाते. यंत्र थांबल्याबरोबर झाकण काढा, तोंडापासून लांब आणि पलीकडच्या बाजूने उघडून, कारण आतल्या वाफेने चेहरा, मनगट चांगलं भाजतं. लगेच लाह्या रुंद ताटात ओता आणि मिनिटभर तशाच राहू द्या. त्या एका मिनिटात त्या जितक्या कुरकुरीत होतात तितक्या आणखी कशानेही होत नाहीत.

वेळ किती, हा प्रश्न सगळे विचारतात, पण मिनिटांचा आकडा मी शेवटचा मानत नाही. ७०० ते ९०० वॅटच्या यंत्रात २५ ग्रॅमला दोन ते तीन मिनिटं लागतात, एवढंच सांगता येतं. तुमच्या यंत्राची ताकद, त्याचं वय, आणि आपल्याकडे संध्याकाळी उतरणारं व्होल्टेज यांवर पुढचं अवलंबून. वीजदाब पडला की साध्या ट्रान्सफॉर्मरवर चालणाऱ्या मायक्रोवेव्हची ताकद लक्षात येण्याइतकी घटते आणि सकाळी जमलेली वेळ रात्री अपुरी पडते. म्हणून पूर्ण ताकदीवर साडेतीन मिनिटं लावा, यंत्रापाशी उभे राहा आणि कान द्या. पहिला दाणा साधारण मिनिट-दीड मिनिटात फुटतो, मग आवाजांची गर्दी होते, मग ते विरळ होतात. दोन आवाजांत दोन-तीन सेकंदांचं अंतर पडलं की थांबवा, घड्याळात वेळ उरली असली तरी. यंत्रावरचं 'पॉपकॉर्न' लिहिलेलं बटण बहुधा कागदी पाकिटासाठी ठरवलेलं असतं, ते वापरू नका. सलग दुसरी खेप करायची असेल तर भांडं आणि थाळी आधीच तापलेली असतात, तेव्हा पंधरा-वीस सेकंद आधीपासूनच सावध राहा.

इथे एक आक्षेप येतो: दोन-तीन सेकंदांवर थांबलं तर दहा-पंधरा गणंग राहतातच, मग आणखी अर्धं मिनिट का देऊ नये? कारण त्या अर्ध्या मिनिटात ऊर्जा कुणाकडे जाते ते बघा. पावणेदोनशेच्या आसपास दाण्यांपैकी बहुतेक फुटून आपलं पाणी टाकून बसलेले असतात. उरलेले थोडे दाणे आणि त्यांना टेकलेल्या तळाच्या लाह्या यांच्यावरच सगळा मारा होतो. लाही हलकी, कोरडी आणि पोकळ असते. उष्णता वाटून घ्यायला तिच्याकडे वस्तुमानच नसतं, त्यामुळे ती बघता बघता पिवळीची तपकिरी आणि तपकिरीची काळी होते. एक करपलेली लाही सगळ्या ताटाला वास लावते, दहा गणंग मात्र निमूट तळाशी राहतात. एकट्याच्या मापात गणंग शून्यावर आणायचा हट्ट धरू नये. उरलेले गणंग पुन्हा मायक्रोवेव्हमध्ये घालणंही सोडून द्या. त्यांच्यातलं पाणी आधीच निसटलेलं असतं किंवा टरफल तडकलेलं असतं, आणि इतक्या कमी ओझ्यावर ते फुटण्याआधी करपतात.

एवढा विचार करण्यापेक्षा बाजारातलं कागदी पाकीट बरं, असं म्हणणाऱ्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पाकिटाच्या तळाशी धातूचा अतिपातळ थर दिलेली पट्टी असते, ती स्वतः तापून दाण्यांना खालून भाजते, म्हणून पाकिटात गणंग कमी राहतात. मायक्रोवेव्ह आणि मका यांची सोबतही जुनी आहे. रेथिऑन कंपनीतले पर्सी स्पेन्सर यांनी १९४० च्या दशकात या लहरींनी पदार्थ शिजवण्याचे जे पहिले प्रयोग केले त्यांत मक्याच्या लाह्या होत्या. पण पाकिटाची किंमत आपण दुसरीकडे मोजतो. मीठ, तेल, सुगंध किती हे कारखाना ठरवतो आणि माप एकट्याचं क्वचितच असतं. बटरच्या वासासाठी वापरल्या जाणाऱ्या डायअसिटिल या द्रव्याच्या वाफेमुळे अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या जास्पर इथल्या कारखान्यातल्या कामगारांना फुप्फुसाचा गंभीर आजार झाल्याचं २००० सालानंतरच्या तपासात पुढे आलं. तो धोका मुख्यतः दिवसभर ती वाफ हुंगणाऱ्या कामगारांना होता, घरी कधीमधी पाकीट उघडणाऱ्याने घाबरून जायचं कारण नाही. कागद तेलकट होऊ नये म्हणून वापरली जाणारी पीएफएएस गटातली रसायनं अमेरिकेतल्या खाद्यवेष्टनांत आता विकली जात नाहीत, असं तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनाने २०२४ च्या फेब्रुवारीत जाहीर केलं. पाकिटाला स्वस्त पर्याय म्हणून किराण्याची खाकी कागदी पिशवी मात्र कधीही वापरू नका. ती पेट घेऊ शकते, आणि पुनर्वापराच्या कागदात काय काय आहे ते कुणी सांगत नाही.

मग सिलिकॉन तरी सुरक्षित आहे का? प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर सरसकट 'हो' असं देता येत नाही. सिलिकॉनचा कणा सिलिकॉन हे मूलद्रव्य आणि ऑक्सिजन यांच्या साखळीचा असतो, म्हणून तो साध्या प्लास्टिकपेक्षा उष्णता बराच जास्त सोसतो. चांगल्या भांड्यावर २२० ते २३० अंशांची मर्यादा लिहिलेली असते. पण तयार होताना मागे राहिलेले छोटे रेणू तापल्यावर बाहेर पडू शकतात. जर्मनीत यासाठी कसोटी आहे: भांडं २०० अंशांवर चार तास तापवलं तर वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त वाफाळ द्रव्य निघता कामा नये. तेव्हा ज्या भांड्यावर बनवणाऱ्याचं नाव, अन्नासाठी योग्य असल्याची नोंद आणि तापमानाची मर्यादा छापलेली नाही ते घेऊ नका, कितीही स्वस्त मिळो. नवीन भांडं गरम पाण्याने आणि साबणाने धुऊनही उग्र वास मारत असेल तर परत करा. आपल्याकडे अनेक घरांत कन्व्हेक्शनचे मायक्रोवेव्ह आहेत, म्हणून एक इशारा जास्त महत्त्वाचा आहे. हे भांडं फक्त 'मायक्रो'वर वापरा. ग्रिल किंवा कॉम्बिनेशनवर वरची लाल झालेली सळई सिलिकॉनची मर्यादा सहज ओलांडते. नुकताच केक भाजला असेल तर आतली भट्टी निवू द्या. आणि भांड्यात साखर किंवा गूळ घालून फोडायला जाऊ नका. पाक एका जागी बेसुमार तापतो, चिकटतो आणि भांड्याचा तळ खातो.

कढई आणि गॅस आहे की, असंही कुणी म्हणेल. खरंच आहे. जाड बुडाच्या कढईत तेलावर फोडलेल्या लाह्या चवीला सरस असतात आणि घरात चार माणसं असतील तर मी तोच रस्ता सांगेन. सिलिकॉनच्या भांड्याची बाजू वेगळी आहे: वसतिगृहात गॅस नसतो, कार्यालयात नसतो, आणि एकट्या राहणाऱ्या वयस्कर माणसाला रात्री तापलेल्या तेलाशी खेळायचं नसतं. काचेचा बोरोसिलिकेट वाडगा आणि वर टेकवलेली चिनी मातीची बशी यानेही काम भागतं, आणि नवं भांडं घेण्याआधी हा प्रयोग जरूर करून बघा. फक्त वाडगा खोल आणि तळाशी अरुंद हवा. अर्धा-पाऊण किलोची काच २५ ग्रॅम दाण्यांची बरीच उष्णता स्वतः पिते, म्हणून वेळ वाढतो आणि वाडगा चांगलाच तापतो. फडक्याशिवाय उचलू नका.

मक्याविषयी थोडक्यात. किराण्याच्या दुकानात पॉपकॉर्नसाठीचा म्हणून मिळणारा लहान, चकचकीत दाणाच घ्या. पिठाचा मका किंवा फ्रीजरमधला मधुमका फुटत नाही. पिशवी उघडल्याबरोबर दाणे घट्ट झाकणाच्या बरणीत भरा, कारण विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ते वाळतात आणि कोकणाच्या पावसाळ्यात ओलावा ओढतात, आणि दोन्हींनी लाही बिघडते. लाह्या छोट्या आणि गणंग जास्त निघू लागले तर दाणे वाळले आहेत असं समजा. तीन कप दाण्यांना एक मोठा चमचा पाणी घालून बरणी हलवा, अधूनमधून हलवत राहा आणि दोन-तीन दिवसांनी थोडे दाणे फोडून बघा.

तेलाशिवाय लाह्या होतात, हे खरं. तरी २५ ग्रॅमला अर्धा छोटा चमचा तेल चोळण्याच्या बाजूचा मी आहे. तेल स्वतः मायक्रोवेव्हने फारसं तापत नाही, पण एका दाण्याची उष्णता शेजारच्याला पोचवतं आणि पुढे मीठ धरून ठेवतं. त्याहून जास्त घातलं तर ते तळाशी साचतं. मीठ आधी घातलं तर तेही तळालाच राहतं, म्हणून लाह्या ताटात ओतल्यावर, मिक्सरमधून पिठासारखं बारीक केलेलं मीठ भुरभुरा. बटरऐवजी चमचाभर पातळ तूप घ्या. बटरमध्ये १६ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं आणि मोठ्या खटाटोपाने घालवलेला ओलावा ते परत आणतं, तुपात पाणी जवळजवळ नसतं. तूप आणि मेतकूट, किंवा तेल, तिखट आणि किंचित पिठीसाखर, ही माझ्या पसंतीची जोडी. हा खाऊ चार वर्षांखालच्या मुलांना मात्र देऊ नका, लाही आणि गणंग दोन्ही श्वासनलिकेत अडकू शकतात.

भांडं कोमट असतानाच गरम पाण्याने आणि साबणाने धुवा. तारेची घासणी लावली तर बारीक ओरखड्यांत तेल बसतं, मऊ स्पंजच पुरे. घड्यांच्या आतल्या वळ्या बोटाने तपासा, जुनं तेल तिथेच चिकट होऊन राहतं आणि पुढच्या लाह्यांना खवट वास तिथूनच लागतो. धुऊनही पृष्ठभाग बुळबुळीत लागत असेल तर पुढच्या खेपेला तेल निम्मं करा.